मापाची वही आणि पाळी जाण्याची वर्षं

अमळनेरला माझं शिवणाचं दुकान आहे. दुकान म्हणजे घराची पुढची खोली, दोन मशिनी आणि एक पडदा. त्या पडद्यामागे गेली २६ वर्षं मी बायकांची मापं घेते. टेप छातीभोवती गेला की बाई बोलायला लागते. घरात बोलत नाही, डॉक्टरपुढे तर तोंड शिवलेलं, पण पडद्यामागे हात वर करून उभी राहिली की बोलते. "काखेत जरा सैल ठेवजो बहीण, घामाने जीव जातो." किंवा नुसतंच, "माले कसंतरीच व्हई ऱ्हायनं व माय."

प्रत्येकीचं माप माझ्या वहीत तारखेसकट असतं, आणि जुन्या वह्या मी रद्दीत घालत नाही. त्या चाळल्या की पंचेचाळिशी ओलांडताना काय होतं ते आकड्यांतच दिसतं. नितंब तेवढेच, पण कंबर दोन-अडीच इंचांनी वाढलेली. दंड सैल. साठीनंतर काहींची पुढची उंची कमी आणि मागची जास्त, म्हणजे पाठीला पोक आला. माझंही माप त्याच वहीत आहे. माझी पाळी अठ्ठेचाळिसाव्या वर्षी थांबली, आज मी ५४ ची आहे. मधली वर्षं कशी काढली, काय चुकलं, काय जमलं, ते लिहिते. मी डॉक्टर नाही. डॉक्टरबाईंना विचारून पक्कं केलेलं आणि स्वतःवर करून पाहिलेलं, एवढंच सांगते.

आधी एक वही घाला

शंभर पानी, दहा-वीस रुपयांची चालेल. पहिल्या पानावर फक्त पाळीच्या तारखा: कधी आली, किती दिवस राहिली, किती पॅड लागले, गाठी पडल्या का. तारखा हव्यात, कारण "पाळी गेली" हे आपल्याला मागे वळून पाहिल्यावरच कळतं. सलग १२ महिने पाळी आली नाही की मगच गेली म्हणायचं. अकराव्या महिन्यात आली तर मोजणी पुन्हा एकपासून. आपल्याकडच्या बायकांची साधारण ४६-४७ व्या वर्षी जाते, युरोप-अमेरिकेत ५१ च्या आसपास. त्याआधी चार-पाच वर्षं ती लहरीप्रमाणे वागते: कधी वीस दिवसांत, कधी तीन महिन्यांनी. पंचेचाळिशीच्या आत गेली तर लवकर गेली, आणि चाळिशीच्या आत गेली तर "बरं झालं, सुटले" म्हणून बसू नका, डॉक्टरांना दाखवाच. हाडांना आणि हृदयाला हार्मोनचा (इस्ट्रोजेनचा) आधार पुढची कितीतरी वर्षं हवा असतो.

दुसऱ्या पानाची कल्पना माझ्या मुलीची. ती नर्सिंग शिकत होती. तिने सांगितलं, की या वयातल्या बाईचं जगणं कसं चाललंय हे मोजायची एक प्रश्नावली आहे, १९९६ साली कॅनडात तयार झालेली, २९ प्रश्नांची. त्यात चार कप्पे: अंगाची आग आणि घाम, मन, शरीर, आणि नवरा-बायकोचं. गेल्या महिन्यात हा त्रास झाला का, आणि झाला तर त्याने किती बेजार केलं, याला शून्य ते सहा गुण. मला हे एकदम पटलं, कारण हे मापच झालं की! छातीचं माप "बरीच मोठी" असं कुणी वहीत लिहीत नाही, ३६ लिहितो. मग झोपेचं माप "बरी नाही" असं का लिहायचं?

मी रकाने आखले आणि दर रविवारी रात्री गुण टाकले. घाम ५, झोप ४, चिडचिड ६ (त्या आठवड्यात लग्नसराईचे ४० ब्लाउज होते, तेही लिहिलं), सांधे २. तीन महिन्यांत चित्र उभं राहिलं. मला वाटत होतं घामाने हैराण आहे. वही म्हणाली, घामापेक्षा झोप जास्त छळतेय. आणि ज्या आठवड्यात पाळीत रक्त फार गेलं त्याच्या पुढच्या आठवड्यात थकवा ५. या एका ओळीने माझी गर्भाशयाची पिशवी वाचली.

पिशवीची गोष्ट

४६ व्या वर्षी माझी पाळी बारा-बारा दिवस चालायची. जिन्याच्या चार पायऱ्या चढले की धाप. एका खाजगी दवाखान्यात गेले. सोनोग्राफी झाली आणि पाच मिनिटांत निकाल: पिशवीला सूज आहे, गाठ आहे, पुढे कॅन्सर होईल, काढून टाका. खर्चाचा आकडाही कागदावर लिहून दिला. मी घाबरले. आमचे हे एसटीत कंडक्टर होते. ते म्हणाले, काढूनच टाक, कटकट मिटेल. सासूबाईंची काढली होती, मोठ्या जावेची काढली होती, म्हणजे आमच्या घरी ती रीतच होती म्हणा ना.

मुलीने अडवलं आणि जळगावच्या एका डॉक्टरबाईंकडे नेलं. त्यांनी आधी वही वाचली. मग रक्त तपासायला सांगितलं. हिमोग्लोबिन ८.४ निघालं, बाईचं निदान १२ तरी हवं. थायरॉइडही मंदावलेला होता, आणि थायरॉइड मंदावला की पाळीत रक्त जास्त जातं, थकवा येतो, वजन वाढतं, म्हणजे निम्मी लक्षणं त्याचीच. गाठ दोन सेंटिमीटरची. अशा गाठी पुष्कळ बायकांना असतात, त्यांचा कॅन्सर होणं फार क्वचित, आणि पाळी गेल्यावर त्या आपोआप आकसतात. वय आणि रक्तस्राव पाहून त्यांनी पिशवीच्या अस्तराचा तुकडा काढून तपासला. तो चांगला आला. मग थायरॉइडची गोळी, लोहाची गोळी, रक्तस्राव कमी करायच्या गोळ्या. दोन वर्षांनी पाळी आपल्या वेळेला आपणहून गेली. पिशवी जागेवर आहे.

पिशवी कधीच काढू नये असं मी म्हणत नाही. कॅन्सर असेल, गाठी फार मोठ्या असतील, अंग बाहेर येत असेल, औषधांनी रक्त थांबतच नसेल, तर काढावी लागते आणि काढल्यावर बाईचं भलं होतं. पण २०१९ साली बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या ८२ हजारांवर बायकांची पाहणी झाली, तेव्हा त्यांतल्या १३ हजारांवर बायकांच्या पिशव्या काढलेल्या निघाल्या. आपल्या चाळीसगावकडूनही माणसं कोयता घेऊन जातात, तेव्हा ते दुखणं फार लांबचं नाही. म्हणून शस्त्रक्रिया सुचवली की हे प्रश्न चिठ्ठीवर लिहून न्या आणि वाचून विचारा. सोनोग्राफीत नेमकं काय आहे, किती सेंटिमीटर? तुकडा तपासायची गरज आहे का? आधी गोळ्या किंवा कॉपर-टीसारखं पिशवीत बसवायचं, पण हार्मोनचं साधन वापरून बघता येईल का? सहा महिने थांबले तर काय होईल? आणि काढलीच, तर अंडाशयं ठेवणार का? शेवटचा प्रश्न विसरू नका. अंडाशयं काढली की जे पाच वर्षांत हळूहळू व्हायचं ते आठ दिवसांत अंगावर कोसळतं.

लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नका, वाया जाते. लिंबूपाण्याबरोबर घ्या, आणि कॅल्शियमची गोळी किंवा दूध तिच्यापासून दोन तास लांब ठेवा.

आणखी एक, आणि हे मोठ्या अक्षरात वहीच्या पुठ्ठ्यावर लिहा. पाळी जाऊन वर्ष झालं आणि नंतर पुन्हा रक्त दिसलं, नुसता डाग दिसला, तरी त्याच आठवड्यात डॉक्टर. माझ्या एका गिऱ्हाइकाला, नात्याने मामीच लागते, दोन वर्षांनी डाग पडला. तिच्या बहिणींनी चेष्टा केली, "ताई परत जवान झाली!" तिने चार महिने काढले. पिशवीच्या अस्तराचा कॅन्सर निघाला, सुदैवाने पहिल्या टप्प्यातला, शस्त्रक्रियेने निभावला. दर वेळी कॅन्सरच असतो असं नाही, कोरडेपणानेही डाग पडतो, पण ते ठरवणं बहिणींचं काम नाही. पाळी चालू असताना तासाला पॅड भिजत असेल, मोठ्या गाठी पडत असतील, संबंधानंतर रक्त येत असेल, तरीही हेच.

अंगाची आग, आणि वर खानदेशचा मे महिना

हा माझा विषय, तेव्हा जरा पसरून लिहिते.

मेंदूत अंगाची उष्णता सांभाळणारी एक जागा असते. हार्मोन कमी झालं की ती फार हळवी होते. जरा तापलं तरी "घाम काढा" असा हुकूम सोडते. मग छातीतून वाफ उठते, मान, गाल, कपाळ पेटतं, घाम फुटतो आणि दोन-चार मिनिटांत अंग गार पडून हुडहुडी भरते. पुण्यामुंबईची बाई म्हणेल, पंखा लावा. भुसावळ-जळगावला मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा पंखा गरम हवाच फेकतो. इथे कपड्यापासून सुरुवात करावी लागते.

ब्लाउजचं कापड सुती आहे का, हे दुकानदाराच्या तोंडावर सोडू नका. कडेचा एक धागा ओढा आणि काडीने पेटवा. कागदासारखा जळून राख झाला तर सुती. आकसून त्याचा कडक मणी झाला तर त्यात पॉलिस्टर आहे, आणि तो ब्लाउज म्हणजे प्लॅस्टिकची पिशवी. टू बाय टू रुबियाच्या नावाखाली मिश्र कापड सर्रास विकतात. त्याहून मोठी फसगत अस्तराची. बाई वरचं कापड तीनदा चोळून पाहते, आणि अंगाला लागतं ते अस्तर शिवणारीवर सोडते. अस्तर सुतीच मागा, आणि ते रात्रभर भिजवून, वाळवून, इस्त्री करूनच कापायला सांगा. नाहीतर पहिल्या धुण्यात आतून आकसतं आणि काखेत काचतं.

मुंढा नेहमीपेक्षा अर्धा इंच सैल. गळा पुढून-मागून थोडा उतरता. हुक पुढे, पाठीमागे नकोत, कारण आग उठली की दोन हुक पटकन काढता आले पाहिजेत. बाही कोपराच्या वर, किनारीला कडक पट्टी नको. दोन्ही बाजूंना आत एक-एक इंच कापड दाबून ठेवायला सांगा; या वर्षांत माप बदलत राहतं, आणि बाई अंगाला काचणारा ब्लाउज घालून वर्षभर फिरते पण उसवायला आणत नाही. घाम फार असेल तर काखेत सुती कापडाची चौपदरी घडी टिचबटणांवर लावून देते. संध्याकाळी काढायची, धुवायची, दुसरी लावायची. लग्नात हिरव्या ब्लाउजवर पांढरे डाग पडायचे बंद होतात. परकराला बारीक नाडीऐवजी रुंद पट्टा लावा. नाडीच्या जागी काळा पडलेला, भरत नसलेला व्रण असेल तर मलम चोपडत बसू नका, दाखवा. वर्षानुवर्षांच्या घर्षणाने तिथे कॅन्सर झाल्याची उदाहरणं डॉक्टरांनी नोंदवली आहेत.

रात्री नायलॉनचा गाऊन नको, मलमलचा घ्या. अंगावर एक जाड गोधडी घेण्यापेक्षा दोन पातळ चादरी, म्हणजे एक भिरकावता येते. उशीच्या दोन खोळी जवळ ठेवा. कूलर लावताना समोरची खिडकी उघडी ठेवा. हवा बाहेर जायला वाट नसेल तर खोली दमट होते आणि घाम जास्त. आणि आषाढ-श्रावणात कूलरमध्ये पाणी घालू नका, दमट हवेत तो काही गार करत नाही, नुसता पंखा म्हणून फिरवा. आमच्याकडे मे महिन्यात दुपारी चारला टाकी भरायचं काम ह्यांचं. सांगून झालं नाही. एका रात्री मी तीनदा उठून न्हाणीत तोंड धुतलं ते त्यांनी पाहिलं, तेव्हापासून भरतात.

वहीत आग कशानंतर उठली हे लिहिलंत तर तुमचं तुम्हाला कळेल. मला उकळता चहा आणि हिरव्या मिरचीचा ठेचा. ठेचा सोडणं जमलं नाही, खोटं कशाला बोलू. रात्रीचा तेवढा बंद केला, चहा बशीत गार करून पिते. आग चढायला लागली की मनगटं गार पाण्याखाली धरते आणि श्वास सावकाश सोडते. त्याने आग विझत नाही, पण घाबरायला होत नाही.

सगळा घाम पाळीचा नसतो. रात्रीचा घाम, बारीक ताप, वजन उतरतंय, खोकला दोन आठवड्यांपेक्षा जास्त, असं असेल तर क्षयाची तपासणी. सरकारी दवाखान्यात फुकट होते. हात थरथरतात, छाती धडधडते आणि वजन उतरतं, तर थायरॉइड, या वेळी मंद नव्हे, जास्त चालणारा. आणि घामाबरोबर छातीवर दाब, जबड्यात किंवा हातात कळ, तर १०८ ला फोन, तेव्हा वही नको.

हार्मोनची गोळी घ्यावी का

वहीत घाम आणि झोप महिनोन्महिने ५-६ वर असेल तर सोसत बसायचं कारण नाही. हार्मोनचे उपचार आहेत आणि आगीवर त्यांच्याइतकं गुणकारी दुसरं नाही. २००२ साली अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासानंतर, या गोळ्यांनी स्तनाचा कॅन्सर आणि हृदयविकार वाढतो अशी सगळीकडे भीती पसरली, डॉक्टरसुद्धा लिहून द्यायला कचरायचे. पुढे त्याच आकड्यांकडे नीट पाहिल्यावर कळलं, की साठीच्या आतल्या किंवा पाळी जाऊन दहा वर्षं न झालेल्या धडधाकट बाईला धोक्यापेक्षा फायदा बहुधा जास्त. स्तनाचा कॅन्सर, रक्ताच्या गुठळ्या, हृदयविकार, पक्षाघात, यकृताचा आजार झालेला असेल किंवा कारण न कळलेला रक्तस्राव असेल, त्यांना नको. पिशवी जागेवर असेल तर दोन हार्मोनं मिळून घ्यावी लागतात. हार्मोन नको असेल तर दुसऱ्या गोळ्याही आहेत. मी आठ महिने घेतली, मग डॉक्टरबाईंना विचारून थांबवली. शेजारणीची गोळी मागून घेऊ नका, एवढंच.

आणि मेडिकलवरून स्वतःच्या मनाने घ्यायच्या गोळ्यांबद्दल एक बोलायचंच आहे. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आपल्याकडे कानबाई, आपली खानदेशची देवी, घरोघरी बसते. त्याच्या आठ दिवस आधी पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या चण्या-फुटाण्यासारख्या खपतात. तरुण सुना घेतात ते घेतातच, पण पंचेचाळिशीच्या बाईची पाळी मुळात कधी येणार हेच ठाऊक नसतं, ती पंधरा-पंधरा दिवस गोळ्या खात बसते. गुठळ्यांचा त्रास झालेल्यांनी, यकृताचं दुखणं असलेल्यांनी त्या घेऊच नयेत, आणि ज्यांचा रक्तस्राव आधीच विस्कटलेला आहे त्यांचं त्या गोळ्यांनी निदान लांबतं. मी दोन वर्षं खाल्ल्या. तिसऱ्या वर्षी नेमकी शनिवारी रात्री पाळी आली. जाऊबाईला म्हटलं, तू मांड, मी बाहेर बसते. तिने कानबाई मांडली, रोट केले, मी रात्रभर अंगणात बायकांबरोबर गाणी म्हटली आणि फुगडी घातली. कानबाई काही रागावली नाही.

खालचं दुखणं

हे पडद्यामागेही हळू आवाजात बोलतात, म्हणून थोडक्यात पण स्पष्ट. हार्मोन कमी झालं की योनीची कातडी पातळ आणि कोरडी होते. आग होते, संबंध नकोसा वाटतो, लघवीला जळजळ वारंवार होते. घाम काही वर्षांनी ओसरतो, हे मात्र उपाय केल्याशिवाय सहसा जात नाही. साबण आणि जंतुनाशक पाणी आत वापरू नका, साधं पाणी पुरे. संबंधाच्या वेळी पाण्याचं वंगण-जेल वापरा, मेडिकलवर मिळतं, मागायची लाज वाटली तर कागदावर लिहून द्या. तेवढ्याने भागलं नाही तर डॉक्टर हार्मोनचं मलम देतात, थोडंसंच, तिथल्या तिथे. माझ्या एका गिऱ्हाइकाला नवऱ्याशी अबोला धरून सहा वर्षं झाली होती. त्याला वाटे हिचं मन उडालं; तिला तिथे ब्लेड लागल्यासारखं होई आणि ती सांगत नव्हती. मलमाने दोन महिन्यांत फरक पडला.

पन्नाशीच्या आत पाळी गेली तर पुढची दोन वर्षं, पन्नाशीनंतर गेली तर एक वर्ष दिवस राहू शकतात. नसबंदी झालेली नसेल तर काळजी घ्या.

खोकलं, शिंकलं की लघवीचे थेंब येतात? लघवी अडवताना जे स्नायू आवळतो ते आवळा, पाच मोजेपर्यंत धरा, तेवढाच वेळ सोडा. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. पोट आणि मांड्या आवळू नका, श्वास रोखू नका, आणि खरोखर लघवी करताना हा व्यायाम करू नका. मी बॉबिन भरताना करते. बॉबिन भरायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात होतो, आणि समोरच्या गिऱ्हाइकाला पत्ता लागत नाही. तीन महिने धीर धरा. एसटीच्या प्रवासात मुतारी नसते म्हणून पाणीच न पिणाऱ्या बायका मी रोज बघते, त्यांची जळजळ त्यामुळेही वाढते.

चिडचिड

एके दिवशी मी सुनेवर कात्री आपटली. अंगावर नाही, टेबलावर. पण आवाज असा झाला की नातू रडायला लागला. कारण काय, तर तिने दोऱ्याची रिळं रंगाप्रमाणे लावली नव्हती. त्या रविवारी वहीत ६ लिहिला आणि झोपेच्या रकान्यातही ६. झोप सुधारली तसा राग उतरला, म्हणून आधी झोपेचं बघा. घरात एकदा सगळ्यांना बसवून सांगा, की माझं असं चाललंय, मी वेडी झालेली नाही. माझी सून आता मला लांबूनच विचारते, "आत्या, आज कितीवर?" मी आकडा सांगते.

पण दोन आठवडे कशातच मन लागत नाही, रडू येतं, जीव नकोसा वाटतो, असं असेल तर ते "या वयात होतंच" नव्हे. आधी कधी असा आजार झालेला असेल त्यांनी जास्तच जपावं. १४४१६ हा सरकारी टेलिमानसचा नंबर आहे, फुकट लागतो, मराठीत बोलतात.

हाडं

पाळी गेल्यावर पहिली पाच-सात वर्षं हाडं झपाट्याने झिजतात. कळत काहीच नाही. एके दिवशी बाई न्हाणीत घसरते आणि मनगट किंवा खुबा मोडतो, किंवा टेलरबाईच्या वहीत मागची उंची वाढते. पाळी गेलेल्या बाईला दिवसाला १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम हवं असं आपली सरकारी आहारसंस्था सांगते. आपली ज्वारी-बाजरीची, कळण्याची भाकरी पोटभरू, सकस, पण कॅल्शियम त्यात नावालाच. केळ्यातही नाही, केळीच्या बागांच्या रावेर-यावलच्या माझ्या मैत्रिणी यावर रुसतात, पण नाही ते नाही. पेलाभर दुधात किंवा दह्यात साधारण ३०० मिळतं. मोठा चमचाभर तिळात शंभराच्या वर. शेवग्याचा पाला भरपूर देतो आणि तो कुंपणावर फुकट असतो. बेसन लावून भाजी करा किंवा भाकरीच्या पिठात मळा. नाचणी आपण फारशी खात नाही, पण सकाळी आंबील करून बघा. दोन पेले दूध-ताक, तिळाची चटणी, पाल्याची भाजी एवढं झालं की बरीच मजल गाठली, उरलेलं डॉक्टरांच्या गोळीने. वरण घट्ट करा, हाडाला आणि दंडाला प्रथिनंही लागतात. बिबडे, पापड, लोणच्याचं मीठ आता मोजून, कारण पाळी गेल्यावर रक्तदाब आणि हृदयाचं दुखणं पुरुषांच्या बरोबरीला यायला लागतं. वर्षातून एकदा दाब, साखर, चरबी तपासा. सरकारी आरोग्यकेंद्रात तिशीच्या पुढच्या बायकांची स्तनाची, गर्भाशयमुखाची आणि तोंडाची तपासणीही होते, आशाताईंना विचारा. मिशरी लावत असाल तर तोंड नक्की दाखवा, आणि मिशरी सोडा. हे मी माझ्या आईलाही सांगून दमले.

ड जीवनसत्त्वाची आठवड्याला एक घ्यायची पुडी असते, तीही डॉक्टर सांगतील तितकेच आठवडे. रोज एक घेणारी एक वहिनी मला माहीत आहे, दवाखान्यात पोचली.

चालणं रोज अर्धा तास. मी पहाटे प्रताप कॉलेजच्या मैदानाकडे जाते, उन्हाळ्यात सहाच्या आत. पण नुसत्या चालण्याने भागत नाही, हाडावर जोर पडला पाहिजे. हात न टेकता खुर्चीतून दहा वेळा उठा-बसा, भिंतीला तळवे टेकवून दहा वेळा ढकला. जमलं की दोन्ही हातांत पाण्याची एक-एक लिटरची बाटली घ्या. न्हाणीत पायपुसणं सरकत असेल तर आजच काढून टाका.

आणि उंची मोजा. माझ्या दुकानात पडद्याशेजारी भिंतीवर पेन्सिलीच्या रेघा आहेत, प्रत्येकीपुढे नाव आणि साल. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बायका माहेरी येतात, झोके खेळून झाले की माझ्याकडे ब्लाउज टाकायला येतात, तेव्हा चप्पल काढून, टाचा भिंतीला लावून उभं करते, डोक्यावर लाकडी फूटपट्टी आडवी धरते आणि रेघ मारते. तरुणपणच्या उंचीपेक्षा दीड इंचाने कमी भरली तर मणका दबला असू शकतो, हाडांची घनता तपासायला पाठवते. आजवर तिघींना पाठवलं. यंदा माझी रेघ गेल्या वर्षीच्याच रेघेवर पडली. आमच्या ह्यांची मात्र पाव इंच खाली आली. ते मान्य करत नाहीत. म्हणतात, पेन्सिल बोथट होती.